बाहुलीच्या नाळेतला ठोका

नागपूरहून लखनादौनमार्गे जबलपूरकडे निघाले की शहर येण्याआधी बरगी लागते. नर्मदेवरील धरणामुळे हे नाव सर्वांच्या परिचयाचे आहे. त्या धरणाच्या जलाशयाकाठची, काही उठवून पुन्हा वसवलेली खेडी मात्र फारशी कोणाला ठाऊक नसतात. अशा खेड्यातील बाळंतिणीला अडचण आली, तर तिला जबलपूरच्या वैद्यकीय महाविद्यालयात नेता येते. रस्ता आहे, वाहन मिळू शकते, तिकडे तज्ज्ञही आहेत. पण बाळ जन्मले आणि रडलेच नाही, तर त्या बाळासाठी जबलपूर फार दूर आहे. त्याला मदत हवी असते ती पहिल्या मिनिटात, आणि ते मिनिट रुग्णवाहिकेत बसवून कोठेही नेता येत नाही. त्या क्षणी खोलीत जे दोन हात असतील, तेच त्या बाळाचे रुग्णालय.

देशाच्या आरोग्याचा हिशेब मांडताना ही साधी गोष्ट अनेकदा निसटते. २०२० सालच्या नमुना नोंदणी पाहणीनुसार भारतात दर हजार जिवंत जन्मांमागे २० बालके पहिल्या २८ दिवसांत दगावत होती. महाराष्ट्रात हा आकडा ११ होता, मध्य प्रदेशात ३१. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीप्रमाणे, म्हणजे २०१९ ते २०२१ या काळात, ८८.६ टक्के प्रसूती आरोग्य संस्थांमध्ये होऊ लागल्या होत्या. याचा अर्थ असा की बहुसंख्य माता दारापर्यंत पोहोचल्या आहेत. आता प्रश्न दाराच्या आतला आहे.

आत काय घडते? बहुतेक बाळे आपणहून श्वास घेतात. साधारण दहांतील एकाला काही ना काही मदत लागते: अंग कोरडे करणे, पाठ चोळणे, तोंडातील स्राव काढणे. याहून थोड्यांना, शंभरात तीन ते सहांना, पिशवी आणि मास्कने श्वास द्यावा लागतो. छाती दाबण्याची वेळ हजारात एखाद्याच पूर्ण दिवसांच्या बाळावर येते. आता एक अगदी ढोबळ गणित करून पाहावे. महिन्याला दहा प्रसूती होणाऱ्या केंद्रात वर्षाला १२० बाळे जन्मतात. त्यांपैकी पाच टक्क्यांना, म्हणजे सहा बाळांना, पिशवी-मास्क लागेल असे धरू. पाळ्यांमध्ये पाच परिचारिका असतील, तर प्रत्येकीच्या वाट्याला हा प्रसंग वर्षातून सुमारे एकदा येतो. वर्षातून एकदा, रात्री-अपरात्री, साठ सेकंदांत, आणि चूक झाली तर पुन्हा संधी नाही. कोणतेही हस्तकौशल्य अशा अंतराने टिकत नाही. पेटीवादक वर्षातून एकदाच भात्याला हात लावील, तर त्याची बोटे काय करतील याची कल्पना करून पाहावी.

म्हणूनच बाहुली लागते. आणि म्हणूनच ती बाहुली कशी असावी हा प्रश्न खेळण्यांच्या दुकानातला राहत नाही. तो यंत्रशास्त्राचा, पदार्थविज्ञानाचा आणि थोडाफार नीतीचाही होतो.

प्रशिक्षणासाठी ‘वास्तवदर्शी’ प्रतिकृती हवी असे म्हटले की डोळ्यांपुढे येते ती मऊ सिलिकॉनची कातडी, बारीक केस, उघडमीट करणारे डोळे, निळे पडणारे ओठ. अशा प्रतिकृती जगात आहेत, त्यांच्या किमती काही लाखांच्या घरात जातात, आणि छायाचित्रांत त्या विलक्षण दिसतात. परंतु वास्तव म्हणजे दिसणे असे गृहीत धरले, की पहिलीच चूक होते. ज्या हातांना शिकवायचे आहे, त्या हातांना प्रतिकृतीने कोणते उत्तर द्यायचे, हा खरा प्रश्न आहे. हाताने बरोबर केले तर काय घडावे, चुकीचे केले तर काय घडू नये, एवढ्यापुरते वास्तव काटेकोर हवे. बाकीचे सारे सजावट आहे.

ही समज नवी नाही. अठराव्या शतकात फ्रान्समध्ये आंजेलिक द्यु कुद्रे नावाच्या सुईणीने कापड, चामडे आणि भरण वापरून प्रसूती शिकवण्याचे एक ‘यंत्र’ केले होते. १७५९ साली राजाने तिला देशभर फिरून सुईणींना शिकवण्याची अनुमती दिली, आणि पुढे दोन दशकांहून अधिक काळ ती हजारो ग्रामीण स्त्रियांना शिकवत हिंडली. तिच्या यंत्राचा एक नमुना आजही रूआँ येथील संग्रहालयात आहे. त्यातील बाळ कापडी आहे, चेहऱ्याचे कौतुक करावे असे त्यात काही नाही. पण त्याचे तोंड मुद्दाम उघडे ठेवलेले आहे आणि आत जीभही आहे, कारण पायाळू बाळाचे डोके सोडवताना त्याच्या तोंडात बोट घालावे लागते आणि ते बोटाला शिकवायचे होते. वास्तव कोठे खर्च करायचे, हे त्या बाईला पक्के कळले होते. आजच्या अनेक खरेदी समित्यांबद्दल तसे म्हणवत नाही.

यानंतरचा पुरावा आपल्या घराजवळचा आहे. अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१० साली ‘हेल्पिंग बेबीज ब्रीद’ हा अभ्यासक्रम आणला. त्याच्यासोबत नॉर्वेतील लेर्डाल या संस्थेने ‘निओनॅटली’ नावाची एक स्वस्त बाहुली तयार केली. कोमट पाणी भरले की तिला वजन येते, ऊब येते, आणि मान धरली नाही तर ती खऱ्या बाळासारखी लुळी पडते. वाहतुकीत पाणी काढून टाकले की ती घडी घालून ठेवता येते. आत वीज नाही, संगणक नाही. शिकवणाऱ्याच्या हातात रबराचे छोटे गोळे असतात. एक दाबला की छाती हलते, दुसरा दाबला की नाळेत ठोका लागतो. मास्क चेहऱ्यावर नीट बसला आणि मान योग्य कोनात असली तरच पिशवी दाबल्यावर छाती उचलली जाते.

हा अभ्यासक्रम बेळगाव परिसरात, तेथील जवाहरलाल नेहरू वैद्यकीय महाविद्यालयाच्या संशोधकांनी राबवला. ग्रामीण प्राथमिक आरोग्य केंद्रांपासून जिल्हा रुग्णालयापर्यंतच्या ५९९ प्रसूती साहाय्यकांना प्रशिक्षण दिले गेले. प्रशिक्षणापूर्वीच्या ४,१८७ आणि नंतरच्या ५,४११ जन्मांची तुलना शिवप्रसाद गौडर आणि सहकाऱ्यांनी २०१३ साली ‘पीडियाट्रिक्स’ या नियतकालिकात प्रसिद्ध केली. मृतजन्मांचे प्रमाण ३.० टक्क्यांवरून २.३ टक्क्यांवर आले. त्यांतही ‘ताजे’ मृतजन्म, म्हणजे ज्यांचे प्राण प्रसूतीच्या आसपासच गेले असावेत असे दिसते, ते १.७ टक्क्यांवरून ०.९ टक्क्यांवर, जवळजवळ निम्म्यावर आले. नवजात मृत्यूंचे प्रमाण मात्र बदलले नाही.

हे शेवटचे वाक्य वाचून पुष्कळांची निराशा होते. ती घाईची आहे. जन्मताच निपचित पडलेले, श्वास न घेणारे, पांढरेफटक बाळ पाहून ‘मेलेले जन्मले’ अशी नोंद पूर्वी होत असणार. त्यातील काहींचे हृदय मंदपणे चालू असते. नाळेच्या बुडाशी दोन बोटे ठेवली तर ते कळते. ज्या बाळाला मृत समजले जाते त्याला कोणी श्वास देत नाही, आणि ज्याला श्वास मिळत नाही ते खरोखरच मृत होते. ताजे मृतजन्म घटले याचा एक अर्थ असा की अशा काही बाळांना आता जिवंत म्हणून ओळखले गेले. ती केवळ नोंदवहीत एका रकान्यातून दुसऱ्या रकान्यात गेली असती आणि तासाभराने दगावली असती, तर नवजात मृत्यूंचा आकडा वाढायला हवा होता. तो वाढला नाही. पूर्वी-नंतरच्या तुलनेत समांतर गट नसतो, त्यामुळे या निष्कर्षावर फार भार टाकू नये, हे खरेच. तरीही अंदाज बांधायचा झाला, तर त्या बाहुलीतील सर्वांत मोलाचा भाग तिची कातडी, ऊब किंवा वजन यांपैकी कोणताच नव्हे. नाळेतला तो रबरी ठोका सर्वांत मोलाचा. ‘श्वास नाही’ आणि ‘जीव नाही’ या दोन वाक्यांत अंतर आहे, हे तो बोटांना शिकवतो.

येथे थांबून विजयाची पताका फडकवता आली असती. पण पुढची हकीकतही तितकीच महत्त्वाची आहे. बेळगाव, नागपूर आणि केनिया येथील ७१ आरोग्य संस्थांमध्ये हाच अभ्यासक्रम मोठ्या प्रमाणावर राबवून त्याचा अभ्यास झाला, तो २०१६ साली प्रसिद्ध झाला, आणि त्यात मृत्यूंवर सर्वत्र सारखा, निःसंदिग्ध परिणाम दिसला नाही. टांझानियातही असेच दोन सूर ऐकू आले. एका अभ्यासात आठ रुग्णालयांतील पहिल्या २४ तासांतले मृत्यू ४७ टक्क्यांनी घटले. त्याच देशातील हायडोमच्या रुग्णालयात मात्र एका दिवसाच्या प्रशिक्षणानंतर परिचारिका बाहुलीवर उत्तम काम करू लागल्या आणि खऱ्या बाळांवरच्या कामात फरक पडला नाही. पुढे त्याच रुग्णालयात थोडा-थोडा पण वारंवार सराव सुरू झाला, प्रसूतिगृहाच्या शेजारीच, कामाच्या वेळेत. तेव्हा २४ तासांतील मृत्यू हजारी ११.१ वरून ७.२ वर आले. बाहुली तीच होती. बदलली ती तिची जागा आणि तिला हात लागण्याची वारंवारता.

यावरून प्रतिकृतीच्या रचनेसाठी एक कठोर निकष निघतो. जी प्रतिकृती इतकी महाग आहे की ती कुलुपात ठेवावी लागते, ती कितीही हुबेहूब असली तरी या कामासाठी वाईट प्रतिकृती आहे. किंमत ही प्रतिकृतीच्या बाहेरची गोष्ट नाही; ती तिच्या रचनेचाच भाग आहे. त्याचप्रमाणे, उन्हाळ्यात बेचाळीस-त्रेचाळीस अंशांत पत्र्याच्या छपराखाली जिचे रबर चिकट होईल, जिचा सुटा भाग मागवायला परदेशी पत्र लिहावे लागेल, तिचे वास्तव पहिल्याच वर्षी संपते.

मग स्वस्त बाहुलीत काय कमी आहे? येथे भौतिकशास्त्राला बोलू द्यावे. जन्मण्यापूर्वी बाळाची फुफ्फुसे द्रवाने भरलेली असतात. शरीराच्या तापमानाला पाण्याची श्यानता हवेच्या पस्तीस पटींहून अधिक असते. म्हणजे पहिले काही श्वास हवा आत ढकलत नाहीत, ते द्रव पुढे रेटतात, आणि तोही अतिशय अरुंद नळ्यांतून. शिवाय वायुकोश जितका लहान, तितका त्याला उघडण्यास लागणारा दाब अधिक, हा लाप्लासचा नियम. आतील पृष्ठसक्रिय द्रव्य त्या दाबाला आवर घालते, आणि अपुऱ्या दिवसांच्या बाळात ते द्रव्यच कमी असते. एकदा वायुकोश उघडले की तेच फुफ्फुस पुष्कळ कमी श्रमात हवा घेते. खरे फुफ्फुस असे श्वासागणिक बदलत जाते.

बहुतेक स्वस्त बाहुल्यांतील प्लॅस्टिकचे फुफ्फुस मात्र पहिल्या श्वासाला आणि दहाव्या श्वासाला सारखेच वागते. पिशवी दाबली की छाती लगेच उचलते. हाताला सवय लागते ती तात्काळ यशाची. खऱ्या बाळाची छाती पहिल्या दोन-तीन दाबांना फारशी हलत नाही, तेव्हा तोच हात गोंधळतो. एक तर प्रयत्न सोडतो, नाही तर पिशवी पिळून काढतो. आणि पिळणे किती सोपे आहे! पूर्ण दिवसांच्या, तीन किलोच्या बाळाला एका श्वासात साधारण १२ ते १८ मिलिलिटर हवा पुरते, म्हणजे चहाचे तीन चमचे. नवजातांसाठीच्या पिशवीत मात्र सुमारे पाव लिटर हवा असते. दाब हवा २० ते २५ सेंटिमीटर पाण्याइतका. सुरक्षा झडप उघडते ती चाळिसाच्या आसपास. तीन चमचे आणि पाव लिटर यांच्यामध्ये उभे असते केवळ दोन बोटांचे तारतम्य. ते डोळ्यांनी शिकता येत नाही, व्याख्यानाने तर नाहीच.

दुसरी उणीव मास्कच्या कडेची. कोरड्या, टणक प्लॅस्टिकच्या गालावर मास्क बसवणे सोपे असते. नुकत्याच जन्मलेल्या बाळाचा चेहरा ओला असतो, त्यावर पांढरट स्निग्ध थर असतो, हनुवटी आखूड आणि गाल मऊ असतात. मास्क सरकतो, कडेने हवा निसटते, आणि देणाऱ्याला ते कळतही नाही. अनुभवी डॉक्टरांच्या हातूनही बाहुलीवर मोठी गळती होते आणि तिचा अंदाज त्यांना स्वतःला येत नाही, हे मोजमापांनी दाखवले गेले आहे. आत जाणारी हवा आणि परत येणारी हवा यांतील फरक म्हणजे गळती. तो मोजायला आज फार मोठे यंत्र लागत नाही. दाब मोजणारे सूक्ष्म संवेदक मोबाइलमध्येही असतात. वास्तवावर पैसा खर्चायचाच असेल, तर तो येथे खर्चावा: गालाच्या मऊपणावर, ओलसरपणावर, गळतीच्या मोजणीवर आणि सुरुवातीला ताठर असून हळूहळू सैलावणाऱ्या फुफ्फुसावर. या शेवटच्या गोष्टीसाठी संगणकही लागणार नाही. काही योग्य श्वासांनंतर सुटणारी एखादी स्प्रिंगची कळ पुरेल, आणि अशी कळ करणे हा अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षाचा चांगला प्रकल्प आहे.

तिसरी उणीव आकाराची. राष्ट्रीय सर्वेक्षणानुसार वजन नोंदल्या गेलेल्या बाळांपैकी सुमारे १८ टक्के अडीच किलोंहून कमी वजनाची असतात. दीड किलोच्या बाळाला लागणारी हवा ६ ते ९ मिलिलिटर; मास्कचा मापक्रमांक १ नव्हे, ०. तीन किलोच्या बाहुलीवर तयार झालेला हात येथे धोकादायक ठरू शकतो. लहान बाळांच्या बाहुल्या जगात आहेत, पण आपल्या प्रसूतिगृहांत जी एखादी बाहुली असते ती बहुधा गुटगुटीत असते.

याउलट, अत्यंत सूक्ष्म वास्तवाचेही क्षेत्र आहे आणि त्याला कमी लेखण्याचे कारण नाही. नेदरलँड्समधील आइंडहोव्हन तंत्रविद्यापीठातील संशोधकांनी चुंबकीय अनुनादाच्या प्रतिमांवरून नवजात बाळाच्या हृदयाची त्रिमितीय प्रतिकृती केली, साच्यात सिलिकॉन ओतून झडपांसह ती घडवली आणि २०१९ साली तिची कृती प्रसिद्ध केली. छाती दाबताना आत प्रत्यक्षात काय घडते, हे अशाच प्रतिकृतीतून मोजता येईल. खऱ्या बाळावर ते मोजणे अशक्य. श्वासनलिकेत नळी घालण्याचेही तसेच. आईच्या पोटात शी केलेल्या प्रत्येक मंद बाळाच्या श्वासनलिकेत नळी घालण्याची जुनी रीत गेल्या दशकात बंद झाली. बाळांसाठी ते चांगलेच झाले, पण शिकाऊ डॉक्टरांच्या हातांना मिळणारी संधी त्याने आटली. म्हणून शिक्षण रुग्णालयांत उत्तम प्रतिकृती हव्यात. तेथेही काटकसरीचे शहाणपण चालते: नाळेच्या शिरेत नळी घालण्याच्या सरावासाठी सर्वांत वास्तव साधन म्हणजे खरी नाळच, जी एरवी वारेबरोबर टाकून दिली जाते. तिचा तुकडा बाटलीच्या तोंडाशी बसवून अनेक विभाग हे शिकवतात. कोणतेही सिलिकॉन तिची निसरडी गाठ घेणार नाही.

गडचिरोलीचा अनुभव या चर्चेत विसरून चालणार नाही. ‘सर्च’ संस्थेच्या अभय आणि राणी बंग यांनी गावातल्याच, थोड्याफार शिकलेल्या स्त्रियांना घरच्या प्रसूतीत नवजात बाळाला श्वास देण्यास शिकवले: आधी तोंडाने, मग नळी-मास्कने, नंतर पिशवी-मास्कने. तीव्र श्वासावरोध झालेल्या बाळांतील मृत्यूचे प्रमाण ३९ टक्क्यांवरून २० टक्क्यांवर आले. या हातांना पदवी नव्हती. देशाने २००९ साली नवजात शिशु सुरक्षा कार्यक्रम आणला, तो दोन दिवसांच्या प्रशिक्षणाचा. दोन दिवस ही सुरुवात म्हणून योग्यच होती. पण वर्षातून एकदा येणाऱ्या प्रसंगासाठी दोन दिवसांचे प्रशिक्षण पुरेल असे मानणे म्हणजे विस्मरणाचा नियम सरकारी आदेशाने स्थगित झाला असे मानणे होय.

तेव्हा राष्ट्रीय विज्ञाननिधीतून नवजात प्रतिकृतीचा प्रकल्प मंजूर करताना विचारायचे प्रश्न वेगळे असायला हवेत. डोळे मिटतात का, हे नंतर पाहता येईल. मान दुमडली की श्वासमार्ग बंद होतो का? फुफ्फुस सुरुवातीला हट्ट करते का? कडेने निसटलेली हवा परिचारिकेला कळते का, आणि तिच्या भाषेत कळते का? ती फाटली तर जवळच्या तालुक्याच्या गावी चिकटवता येते का? आणि प्रसूतिगृहातील टेबलावर, पाळी बदलताना जाणाऱ्या परिचारिकेने येणारीच्या हाती ती द्यावी, तिने पिशवी उचलून पाच-दहा श्वास द्यावेत, नाळेला दोन बोटे लावून ठोका मोजावा आणि मग कामाला लागावे, एवढी ती साधी आहे का? या सगळ्याला मिळून तीन मिनिटे लागतात. बरगीसारख्या ठिकाणी रात्रीच्या पाळीला तेवढी सवड बहुधा असते.